‘ही गोष्ट परमेश्वराकडून घडली’ असं लिहिलंय तर मग रहबामाचा दोष काय?

सलाम. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही विचारलंय की बायबलच्या जुन्या करारात, १ राजे १२:१५ मध्ये सरळ लिहिलंय, राजाने लोकांचं ऐकलं नाही कारण ही गोष्ट परमेश्वराकडूनच घडून आली, मग हा राजा, शलमोनाचा मुलगा रहबाम, नुसतं बाहुलं होता का, आणि तसं असेल तर त्याला मूर्ख म्हणण्यात काय अर्थ. आणि शेवटी दोन ओळींत हळूच टाकलंय की तुमच्या मंडळीच्या (चर्चच्या) कमिटीत जमिनीचा एक व्यवहार झाला, लोकांनी विचारलं तर चेअरमन म्हणाले, "अधिकार देवाने दिलाय, निर्णयही त्याच्याच योजनेतला आहे, कुरकुर करू नका."

मला वाटतं खरा प्रश्न ह्या शेवटच्या दोन ओळींत आहे. देवाची योजना आणि माणसाची इच्छा एकत्र कशी चालतात हा एक प्रश्न, आणि "हे देवाकडून आहे" असं म्हणायचा हक्क कोणाला, हा दुसरा. पहिल्यावर दोन हजार वर्षं वाद चाललाय आणि तुम्ही कुठल्या परंपरेत वाढलात त्यावर उत्तर बदलतं, यहुदी वाचक एक सांगेल, कॅथलिक दुसरं, आणि प्रॉटेस्टंटांत तर आपसातच एकमत नाही. दुसऱ्यावर मात्र जुना करार बऱ्यापैकी स्पष्ट बोलतो, निदान मला तरी शिकवता शिकवता तसं दिसत गेलंय. मी बरीच वर्षं मराठीतून जुना करार शिकवतो, वर्गात जास्त करून गावाकडच्या मंडळ्यांत संदेश देणारे लोक आणि संडेस्कूलच्या ताई असतात, त्यामुळे उत्तर त्या अंगाने येणार. तुमच्या कमिटीचा व्यवहार बरोबर की चूक ते मला इथे बसून कळणार नाही, त्याबद्दल बोलत नाही.

आधी रहबामाचंच घेऊ. वर्गात मी एक करायला लावतो, पंधरावं वचन हाताने झाकायचं आणि बाकीची गोष्ट वाचायची. आणि सुरुवात बाराव्या अध्यायापासून नाही करायची, चौथ्यापासून करायची. शलमोनाने देशाचे १२ भाग पाडले, प्रत्येक भागाने वर्षातला एक महिना राजवाड्याचं खाणंपिणं पुरवायचं. पाचव्यात वेठीची माणसं येतात, ३०,००० जण, पाळीपाळीने दर महिन्याला १०,००० लबानोनला लाकूड तोडायला, वर ओझी वाहणारे ७०,००० आणि डोंगरात दगड फोडणारे ८०,०००. मंदिराला ७ वर्षं लागली आणि स्वतःच्या वाड्याला १३, हे दोन आकडे लेखकाने अगदी शेजारी शेजारी ठेवलेत, काही न बोलता. नवव्या अध्यायात सोराच्या हीरामाला गालीलातली २० गावं देऊन टाकली. आता विचार करा उत्तरेकडच्या माणसाच्या मनात काय साठलं असेल.

मग शलमोन मरतो, साधारण इ.स.पू. ९३० च्या सुमाराला, आणि रहबाम शखेमला जातो. हे बघा, उत्तरेचे लोक यरुशलेमेला आले नाहीत, राजाला त्यांच्याकडे जावं लागलं, म्हणजे प्रकरण आधीच तापलेलं होतं. लोकांची मागणी साधी होती, बापाने लादलेलं जू जरा हलकं कर, आम्ही तुझी सेवा करू. राजाने तीन दिवस मागितले. म्हाताऱ्यांनी सांगितलं, आज तू ह्यांचा सेवक हो, चार गोड शब्द बोल, कायमचे तुझे होतील. मग त्याने आपल्याबरोबर वाढलेल्या पोरांना विचारलं, आणि त्यांचा सल्ला प्रसिद्धच आहे, माझी करंगळी माझ्या बापाच्या कमरेपेक्षा जाड आहे, बापाने चाबकांनी मारलं मी विंचवांनी मारीन. (१४व्या अध्यायात रहबामाचं वय गादीवर येताना ४१ दिलंय. म्हणजे त्याच्याबरोबर वाढलेली ही "पोरं" पण चाळिशीतलीच! संदेशांत ह्यांना नेहमी कॉलेजकुमार करून टाकतात.) आणि हे सगळं झाल्यावर, लोक "दाविदाशी आमचा काय संबंध" म्हणत घरी निघाल्यावर राजा त्यांच्याकडे कोणाला पाठवतो? अदोरामाला. वेठबिगारीच्या मुख्य अधिकाऱ्यालाच. लोकांनी त्याला दगडांनी मारून टाकलं आणि राजा रथात बसून पळाला. राज्याचे दोन तुकडे झाले, उत्तरेला इस्राएल आणि दक्षिणेला यहूदा.

आता झाकलेलं वचन उघडा. ते नसतं तरी गोष्टीत एकही जागा रिकामी नाही. कारणं पूर्ण आहेत, अनेक वर्षांची पिळवणूक, राजाचा गर्व, वाईट सल्ला, आणि अदोरामाला पाठवण्याचा अडाणीपणा. म्हणजे "परमेश्वराकडून घडलं" हे वाक्य कुठलं भोक बुजवायला आलेलं नाही. लेखक असं म्हणत नाही की राजा खरं तर शहाणा होता पण ऐन वेळी देवाने त्याची मती फिरवली. त्याने माणसाची बाजू पूर्ण सांगितली, आणि मग सांगितलं की ह्याच सगळ्यातून अहीया शिलोनी ह्या संदेष्ट्याचा शब्द पुरा झाला. ह्या अहीयाने आधी नवा झगा फाडून त्याचे १२ तुकडे केले होते आणि १० यराबामाला, पुढे उत्तरेच्या दहा वंशांचा राजा झाला त्याला, दिले होते. तो झगाही फाडला शलमोनाच्या वागण्यामुळे, म्हणजे तिथेही माणसाचं करणं आधी येतं.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, कारण मला जास्त तिथे बोलायचंय. वर्गात दुसरं एक करायला लावतो, "हे देवाने केलं" ह्या अर्थाचं वाक्य दिसलं की समासात लिहायचं, कोण बोलतंय, कोणाला, कधी, आणि त्यातून कोणाचं काम होतंय. बाकी काही नाही. चार-पाच ठिकाणी लिहिलं की चित्र दिसायला लागतं.

१ राजे १२:१५, बोलतोय निवेदक, घटनेनंतर, वाचकाला. रहबाम स्वतः शखेमच्या लोकांना म्हणत नाही की माझा निर्णय देवाकडून आहे, गप्प बसा. त्याच अध्यायात पुढे हे वाक्य पुन्हा येतं आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. रहबाम १,८०,००० लढवय्ये गोळा करतो, फुटलेलं राज्य परत आणायला. तेव्हा शमाया नावाचा संदेष्टा येऊन सांगतो, आपल्या भावांशी लढू नका, घरी जा, ही गोष्ट माझ्याकडून झाली आहे. म्हणजे राजाच्या तोंडावर हे वाक्य जेव्हा बोललं जातं तेव्हा त्याचा परिणाम काय तर तलवार खाली ठेव. राजाचा हात मोकळा होत नाही, बांधला जातो. आणि ऐकून सगळे घरी गेले, हेही लिहिलंय, रहबामाच्या नावावरची ही एक चांगली गोष्ट लोक विसरतात.

मग योसेफ. उत्पत्ती ५०:२०, तुम्ही माझं वाईट योजलं पण देवाने त्यातून चांगलं योजलं. हे वचन आपल्याकडे फ्रेम करून भिंतीवर लावतात. पण बोलतोय कोण? ज्याला खड्ड्यात टाकलं, विकलं, जो तुरुंगात गेला, तो. बोलतोय विकणाऱ्या भावांना, तेसुद्धा बाप मेल्यावर ते घाबरून आलेत आणि बापाच्या नावाने एक निरोप पुढे करतायत तेव्हा. आता हेच वाक्य यहूदाच्या किंवा शिमोनाच्या तोंडी घालून बघा, "योसेफा, आम्ही विकलं ते देवाच्या योजनेतच होतं, नाहीतर तू मंत्री झाला असतास का?" शब्द तेच, पण ऐकवत नाही! आणि शास्त्रात भावांनी असं म्हटलेलंही नाही, ते क्षमा मागतात.

बरं, असं स्वतःच्या तोंडाने म्हणणारे लोक शास्त्रात नाहीत का? आहेत की. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर आला, त्याच्याच कोरीव लेखात ४६ तटबंदीची शहरं घेतली आणि यहूदाचा राजा हिज्कीया ह्याला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं अशी फुशारकी आहे. त्याचा अधिकारी रब-शाके यरुशलेमेच्या कोटासमोर उभा राहून, लोकांना कळावं म्हणून मुद्दाम त्यांच्याच भाषेत ओरडतो, परमेश्वराच्या सांगण्याशिवाय मी इथे आलोय का? त्यानेच मला सांगितलंय ह्या देशावर चालून जा. दुसरा इस्राएलचा राजा अहाब ह्याच्या दरबारातला संदेष्टा सिद्कीया, लोखंडाची शिंगं करून नाचवणारा, ४०० संदेष्टे एका सुरात "चढाई कर" म्हणतायत आणि एकटा मीखाया नाही म्हणतो तर त्याला थप्पड बसते आणि तुरुंगात टाकतात. अहाब गेला, वेष बदलून गेला, आणि कोणीतरी सहज सोडलेला बाण चिलखताच्या सांध्यात घुसला.

रब-शाकेचा दावा तर वरवर खोटाही नाही, हे मजेशीर आहे. यशया १० मध्ये परमेश्वर अश्शूरला आपल्या क्रोधाची काठी म्हणतो, म्हणजे पाठवलंय खरं. पण लगेच पुढे, त्याच्या मनात तसं नाही, त्याच्या मनात फक्त नाश करायचं आहे. आणि काम संपल्यावर अश्शूरच्या राजाच्या गर्वाचा हिशोब होणार, कुऱ्हाड तोडणाऱ्यापुढे तोरा मिरवते का? मला पूर्ण जुन्या करारात ह्या विषयावर ह्यापेक्षा नेमकी जागा सापडलेली नाही. देवाने वापरलं म्हणजे देवाने शाबासकी दिली असं नाही. वापरलं जाणं हे सर्टिफिकेट नव्हे, हे तुमच्या चेअरमनसाहेबांना सांगायला हरकत नाही.

आता बाहुल्याचा प्रश्न. लोक लगेच फारोवर येतात, इस्राएलांना गुलामीतून सोडायला नकार देणाऱ्या मिसरच्या राजावर, की देवाने त्याचं मन कठीण केलं मग त्याची काय चूक. निर्गम सलग वाचा, एका बैठकीत, तुकड्या तुकड्यांनी नाही. आधीच सांगून ठेवलंय की देव त्याचं मन कठीण करील, हे खरं, ते लपवू नका. पण प्रत्यक्ष पीडा सुरू झाल्यावर बेडकांनंतर फारोच आपलं मन कठीण करतो, गोमाश्यांनंतर पुन्हा तोच, आणि देवाने कठीण केलं असं थेट पहिल्यांदा येतं ते सहाव्या पीडेनंतर, गळवांच्या. त्याआधी त्याचेच जादूगार म्हणून चुकलेत की ह्यात देवाचं बोट आहे. टोळांच्या आधी त्याचेच अधिकारी म्हणतात, मिसर देशाचा नाश झालाय हे अजून तुला कळत नाही का? सगळं कोडं ह्याने सुटतं असं मी म्हणत नाही. पण चांगला माणूस होता आणि देवाने बिघडवला, अशी ही गोष्ट नाही एवढं नक्की.

नीतिसूत्रे २१:१ मध्ये राजाचं मन देवाच्या हातात पाटाच्या पाण्यासारखं आहे असं म्हटलंय, तो पाहिजे तिकडे वळवतो. शहरात वाढलेल्यांना ते नळासारखं वाटतं, चालू-बंद. पण रानात दारं धरलेल्या माणसाला विचारा. पाणी आपल्या उताराने, आपल्या ओढीनेच पळत असतं, दारं धरणारा फक्त कुठे माती ओढतो, कुठे फोडतो, आणि वाफा भिजतो. उतार काही त्याने तयार केलेला नसतो. मला रहबामाच्या बाबतीत हे बरंच जुळतं असं वाटतं, गर्व त्याचाच, पाणी गेलं कुठे ते मात्र त्याच्या हातात नव्हतं. अर्थात कॅल्विनच्या परंपरेतला माणूस इथे म्हणेल की उतारसुद्धा देवाचाच. म्हणू दे, त्याच्याही बाजूने वचनं आहेत.

आणि "देव करेल" म्हणून हातावर हात धरून बसायचं का, ह्याला उत्तर दाविदाकडे आहे. मुलगा अबशालोम ह्याने बंड केलं, दावीद रडत अनवाणी जैतूनाचा डोंगर चढतोय, कळतं की आपला सल्लागार अहीथोफेलही तिकडे फुटला. एका ओळीची प्रार्थना करतो, परमेश्वरा, अहीथोफेलाचा सल्ला मूर्खपणाचा ठरव. पुढच्याच वचनात डोंगराच्या माथ्यावर त्याचा मित्र हूशय भेटतो, आणि दावीद त्याला म्हणत नाही की चल आपण मिळून प्रार्थना करू. त्याला परत शहरात पाठवतो, अबशालोमाच्या दरबारात घुसायला, आणि सादोक आणि अब्याथार ह्या याजकांच्या मुलांना निरोप्ये म्हणून नेमतो. म्हणजे सरळ सरळ हेरगिरी! पुढे ही दोन पोरं बहूरीमला एका विहिरीत लपतात आणि एक बाई वर झाकण टाकून त्यावर धान्य पसरते. अहीथोफेलाचा सल्ला लष्करी दृष्टीने बरोबर होता, १२,००० माणसं घे आणि आज रात्रीच गाठ. हूशयने घोळात घेतलं, सगळं इस्राएल जमू दे, तू स्वतः पुढे हो, म्हणजे अबशालोमाच्या अहंकाराला बरोबर गुदगुल्या. आणि मग लेखक लिहितो, अहीथोफेलाचा चांगला सल्ला मोडावा हे परमेश्वराने ठरवलं होतं. "चांगला" हा शब्द त्याने तिथे ठेवलाय. प्रार्थना, हेर, विहीर, त्या बाईचं धान्य आणि अबशालोमाचा फुगलेला अहंकार, सगळं मिळून ते ठरवणं.

पारसाचा राजा कोरेश (सायरस) ह्याच्याबद्दल थोडक्यात, नाहीतर मी वाहवत जाईन. इ.स.पू. ५३९ मध्ये त्याने बाबेल घेतलं. यशया ४५ मध्ये परमेश्वर ह्या परदेशी राजाला चक्क आपला अभिषिक्त म्हणतो, आणि त्याच दमात, तू मला ओळखत नाहीस तरी. एज्राच्या पहिल्याच वचनात, परमेश्वराने कोरेशाच्या मनाला चेतवलं. आता कोरेशाची बाजू काय? १८७९ मध्ये बाबेलच्या अवशेषांत त्याचा मातीचा नळकांडीसारखा लेख सापडला, तो २०१३ च्या डिसेंबरपासून २०१४ च्या फेब्रुवारीपर्यंत मुंबईत आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ठेवला होता, तुमच्यापैकी कोणी पाहिलाही असेल. त्यात सगळं श्रेय मर्दूक देवाला आहे, मर्दूकाने न्यायी राजा शोधला आणि कोरेशाचा हात धरला. यरुशलेमेचं नावही नाही, पण ठिकठिकाणच्या मूर्ती आणि माणसं आपापल्या जागी परत पाठवल्याचं आहे. म्हणजे ते धोरणच होतं, जिंकलेल्या लोकांना खूश ठेवण्याचं. काही जण हे वाचून म्हणतात, बघा, बायबल खोटं पडलं. मला उलट वाटतं, यशयाने आधीच लिहून ठेवलंय की त्याला माहीत नाही. संदेष्ट्याला कोरेशाच्या हेतूचं सर्टिफिकेट नकोच होतं.

आता जिथे माझी ही "कोण बोलतंय" वाली पद्धत पुरत नाही ती ठिकाणंही सांगतो, नाहीतर तुम्हीच पुढच्या कमेंटमध्ये विचाराल. इस्राएलचा सेनापती येहू ह्याचं बघा. अलीशा संदेष्ट्याच्या शिष्याने त्याला अभिषेक केला, अहाबाचं घराणं संपवायला सांगितलं, आणि २ राजे १०:३० मध्ये तू चांगलं केलंस, चार पिढ्या तुझे वंशज गादीवर बसतील, असं वचनही मिळालं. पुढे होशेयाच्या पहिल्याच अध्यायात देव म्हणतो, इज्रेलच्या रक्तपाताबद्दल येहूच्या घराण्याला शासन करीन. एकच तलवार, एका पुस्तकात हुकुमावरून चाललेली आणि दुसऱ्यात गुन्हा. ह्याचे खुलासे बरेच आहेत, मला त्यातला एकही पूर्ण पटलेला नाही. आणि होशेय ८:४ तर सगळ्यात स्पष्ट, त्यांनी राजे केले पण माझ्याकडून नाही. म्हणजे गादीवर बसलेला प्रत्येक जण देवाच्या पसंतीचा, हे गणित शास्त्रालाच मान्य नाही.

आणि योशीया. यहूदाचा चांगला राजा, नियमशास्त्राचं पुस्तक सापडल्यावर कपडे फाडणारा, हुल्दा संदेष्ट्रीने ज्याला शांतीने कबरेत जाशील असं सांगितलं तो. इ.स.पू. ६०९ मध्ये मिसरचा राजा नखो फरात नदीकडे निघालेला, त्याने निरोप पाठवला, माझं तुझ्याशी भांडण नाही, देवाने मला घाई करायला सांगितलंय, आड येऊ नकोस. योशीयाने ऐकलं नाही, मगिद्दोला बाण लागून मेला. आणि २ इतिहास ३५:२२ म्हणतं, नखोचे शब्द खरोखर देवाच्या मुखातले होते! घ्या. इथे परदेशी राजा स्वतःच्या तोंडाने दावा करतो आणि तो खरा निघतो. योशीयाने ते ओळखायचं कसं, हे शास्त्र सांगत नाही. फक्त एवढं मी बघतो की नखोचा दावासुद्धा "माझ्याशी लढू नकोस" म्हणायला होता, शमायासारखा, तुझी जमीन दे म्हणायला नव्हता. ह्याला नियम बनवू नका.

तर थोडक्यात माझं म्हणणं असं की हे वाक्य बहुतेक वेळा मागे वळून बघताना येतं, निवेदकाच्या किंवा सोसणाऱ्याच्या तोंडी, आणि निर्णय घेणाऱ्याची जबाबदारी त्याने एक तोळाही कमी होत नाही. चेअरमनसाहेबांनी रोमकरांस १३ (अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, ते देवाने नेमलेत) काढलं असेल तर ते नव्या करारातलं, त्यावर वेगळं लिहावं लागेल, पण दानीएल २:२१ त्यांना आवडत असेल तर ते पूर्ण वाचायला सांगा, तिथे देव राजांना स्थापतो त्याच्याआधी राजांना काढतो असं आहे.

आणखी एक, ह्या गोष्टींत प्रत्येक वेळी कोणीतरी तोंडावर सांगणारा असतो. फारोचे अधिकारी, रहबामाचे म्हातारे, मीखाया. तेव्हा मीटिंगमध्ये "ही देवाची इच्छा होती का" ह्यावर वाद घालू नका, तो संपणारच नाही. विचारा की व्यवहाराआधी कोणाचा सल्ला घेतला, विरोधात कोण बोललं, आणि ते लिहून ठेवलंय का. आणि तुम्हीही उलट बाजूने "तुमचं राज्य फाटणार" छाप वचनं त्यांच्यावर फेकू नका, ती रब-शाकेचीच पद्धत झाली. मीटिंगच्या सुरुवातीला वाचायला वचन मागितलंच तर पंधरावं नको, त्याच अध्यायातलं सातवं वाचा, म्हाताऱ्यांचा सल्ला आहे तो. आणि मग मिनिट्सची कॉपी मागा.